साथीच्या काळातील आईबाप

महामारीचा इतिहास सामान्यतः मृतांच्या आणि बाधितांच्या आकड्यांत लिहिला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण ज्याच्या घरातले माणूस गेले त्याच्या दुःखापुढे इतर कोणत्याही अडचणीचा उच्चार करताना मनाला संकोच वाटतो. परंतु कोणत्याही साथीत रोगाने गाठलेल्यांच्या कितीतरी पट माणसे अशी असतात, की जी स्वतः रोगातून सुटतात आणि तरीही ज्यांचा संसार साथीने मुळापासून हलविलेला असतो. आणि या माणसांत, पदरी लहान मुले असलेल्या व त्याच मुलांच्या पोटासाठी रोज कामावर जाणे ज्यांना चुकत नाही अशा आईबापांचा वर्ग सर्वांत मोठा असूनही, त्याच्याविषयी फारच थोडे लिहिले गेले आहे. मार्च २०२० पासून जवळजवळ दोन वर्षे महाराष्ट्रातील शाळा, अंगणवाड्या आणि पाळणाघरे कधी पूर्णपणे तर कधी अंशतः बंद राहिली. त्या काळात मिळवत्या आईबापांच्या रोजगाराचे काय झाले, घरकामाच्या वाटणीत काही फरक पडला का, आणि राज्यकर्त्यांनी या वर्गाचा विचार कितपत केला, याचा आढावा आता शांतपणे घेता येण्यासारखा आहे. निष्कर्ष आरंभीच सांगून टाकणे बरे. त्या काळात निघालेल्या असंख्य आदेशांत रुग्णाचा विचार होता, वृद्धाचा होता, व्यापाऱ्याचा होता, कारखानदाराचाही होता. मूल सांभाळून कामावर जाणाऱ्या माणसाचा विचार मात्र जवळजवळ नव्हता, आणि ही उणीव सव्वाशे वर्षे जुनी आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगास यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, पहिले रुग्ण ओळखले, आणि पुढील काही महिन्यांत लाखो माणसे कोकणाच्या व घाटावरच्या वाटांनी शहराबाहेर पडली. १८९१ च्या खानेसुमारीत आठ लाख एकवीस हजारांवर असलेली मुंबईची वस्ती १९०१ मध्ये सात लाख शहात्तर हजारांवर उतरली, यावरून त्या पलायनाचा आणि मृत्युसंख्येचा अंदाज यावा. गिरण्या ओस पडल्या तेव्हा, एरवी महिनाअखेरीनंतर आणि तोही काही दिवस अडवून दिला जाणारा पगार रोजच्या रोज चुकता करण्याची पाळी मालकांवर आली, आणि नाक्यानाक्यावर मजुरांसाठी चढाओढ लागली. मजुराला त्या काळात जी किंमत आली ती अशी की तो बायकामुलांना गावी पोचवून एकटा परत येई. आणि कामगाराने मुंबईत राबावे व कुटुंबाने गावी राहावे ही जी मुंबईच्या कष्टकरी संसाराची रीत आधीपासून होती, तिला प्लेगने अधिक घट्ट केले.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला आणि त्याच्या आधारे पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अमलाखाली घरोघर झडत्या सुरू झाल्या. त्या झडत्यांनी लोकांत जो संताप उसळला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावरील गोळीबारात ज्याचा परिणाम दिसला, त्याची कारणमीमांसा करताना इतिहासकार देवघराच्या विटंबनेचा आणि स्त्रियांच्या अप्रतिष्ठेचा उल्लेख करतात, व तो यथार्थच आहे. पण रोग्याला इस्पितळात आणि त्याच्या घरच्यांना वेगळ्या छावणीत हलविण्याच्या त्या पद्धतीत आईपासून मूल आणि मुलापासून आई तुटत होती, आणि घरातला आजारी माणूस लपवून ठेवण्यामागे अंधश्रद्धेपेक्षा हे भय अधिक होते, असे मला वाटते. त्याच साथीत, मुंढव्याच्या एका आजारी मुलाला दवाखान्यात पोचविण्याच्या कामी संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. शासनाची यंत्रणा मुलाला घरातून उचलून नेत असताना ज्या बाईने मुलाला पाठीवर घेतले, तिच्या कृतीत साथीच्या व्यवस्थेचे एक निराळे तत्त्व होते. ते कायद्यात कधी उतरले नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाची गोष्ट याहून दारुण. त्या साथीत हिंदुस्थानात एक कोटीहून कितीतरी अधिक माणसे मेली, आणि १९११ ते १९२१ हे दशक खानेसुमारीच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याची नोंद असलेले एकमेव दशक ठरले. या रोगाचे वैशिष्ट्य असे की त्याने वृद्धांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना अधिक ओढून नेले, आणि आपल्या देशात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक दगावल्या; म्हणजे घराघरांतील आईबापांचीच पिढी, आणि तीतही आजाऱ्यांची शुश्रूषा करणारी आईच, त्याने प्रथम निवडली. मागे राहिलेली मुले चुलत्यांच्या, मामांच्या, आत्यांच्या घरी वाढली. त्यांची मोजदाद कोणत्याही सरकारी दप्तरात झाली नाही, कारण एकत्र कुटुंब ती सामावून घेईल हे सरकारने गृहीत धरले होते, आणि कुटुंबाने ती बहुतेक वेळा सामावून घेतलीही.

या दोन साथींच्या वेळच्या समाजात आणि २०२० च्या समाजात एक मूलभूत अंतर पडले होते, ते ध्यानात घेतल्याशिवाय पुढचे काही नीट समजणार नाही. शेतकऱ्याचे, कारागिराचे, लहान दुकानदाराचे काम शंभर वर्षांपूर्वी घराच्या अंगणात किंवा हाकेच्या अंतरावर चाले, आणि मूल त्या कामाच्या कडेने वाढे. शहरी नोकरीने काम घरापासून तोडले. एकत्र कुटुंब विरळ झाले. आणि या तुटीवर शाळा, अंगणवाडी, पाळणाघर, गावाहून आलेली आजी, घरकामाच्या मावशी, शाळेच्या रिक्षाचे काका आणि वेळेवर धावणारी लोकलगाडी अशा अनेक आधारांनी एक पूल बांधला गेला. तो कोणी आखलेला नव्हता, गरजेपोटी आपोआप उभा राहिला होता, म्हणूनच तो आहे याचीही जाणीव फारशी कोणाला नव्हती. मार्च २०२० च्या मध्यावर शहरांतील शाळा बंद झाल्या, २३ तारखेला राज्यात संचारबंदी आली, २५ तारखेपासून देशभर टाळेबंदी. आणि वर सांगितलेले सगळे आधार एका पंधरवड्यात नाहीसे झाले. काम मात्र राहिले, निदान ज्यांचे राहिले त्यांच्यापुढे राहिले, आणि मूल तर होतेच.

ज्यांचे काम संगणकावर चालते त्यांच्या अनुभवाविषयी वृत्तपत्रांतून भरपूर लिहिले गेले, म्हणून त्यावर फार रेंगाळत नाही. हिंजवडी, खराडी किंवा ऐरोली येथील कचेऱ्या दोन खोल्यांच्या घरांत आल्या. नवरा बैठकीच्या खोलीत, बायको ओट्यापाशी, मूल दोघांच्या मध्ये. आणि बैठक चालू असताना दार कोणी वाजवले तर उठायचे कोणी, हा प्रश्न बहुतेक घरांत न बोलता एकाच बाजूने सुटला. केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आदल्याच वर्षी, लोकांच्या वेळेच्या वापराची देशव्यापी पाहणी केली होती. तीत विनामोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत शंभरी ८१ आणि पुरुषांत २६ आढळले, आणि जे करतात त्यांचा त्यात जाणारा वेळ स्त्रियांचा दिवसाकाठी २९९ मिनिटे तर पुरुषांचा ९७ मिनिटे भरला. साथ घरात शिरली ती अशा विषम वाटणीच्या घरात. अर्थशास्त्रज्ञ अश्विनी देशपांडे यांनी टाळेबंदीच्या काळातील आकडेवारी तपासून दोन गोष्टी दाखविल्या आहेत आणि त्या एकत्रच वाचावयास हव्यात. पहिली अशी की टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात पुरुषांचा घरकामाचा वेळ खरोखरच वाढला, पण ऑगस्टपर्यंत त्यातला बराचसा ओसरला. आणि दुसरी अशी की टाळेबंदीपूर्वी कामावर असलेल्या स्त्रिया, तशाच कामावर असलेल्या पुरुषांच्या तुलनेत, त्यानंतर कामावर टिकून राहण्याची शक्यता सुमारे वीस टक्क्यांच्या अंतराने कमी होती. घरातले काम वाढले, बाहेरचे गेले, आणि या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्या.

परंतु घरून काम करणे हा मुळात अल्पसंख्याकांचा अनुभव होता. धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया, बांधकामावरचे बिगारी, फेरीवाले, रिक्षाचालक, नाक्यावर उभे राहून रोजंदारी शोधणारे, यांचे काम घरी येऊ शकत नव्हते. ते फक्त बंद होऊ शकत होते. सोसायट्यांच्या फाटकांवर घरकामगार स्त्रियांना महिनोन्महिने मज्जाव राहिला. काही घरांनी त्यांचा पगार चालू ठेवला. पुष्कळ घरांनी पहिल्या महिन्यानंतर हात आखडता घेतला. आणि खाडा केला तर पैसे कापावयाचे या नित्याच्या व्यवहारात, मालकिणीनेच येऊ नको म्हटले तर तो खाडा कोणाचा, याचा निर्णय करणारे कोणतेही न्यायासन नव्हते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला होता, आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांच्या वेळी सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना दीड हजार रुपये जाहीर केले. पण नोंदणीच्या बाहेर राहिलेल्या बायांची संख्या फार मोठी होती, आणि नोंदणी असलेल्यांनाही एका खोलीचे एका महिन्याचे भाडे त्या रकमेत भागले नसते. दहा बाय बाराच्या त्या खोलीत मुलांची शाळाही आता भरणार होती.

ती शाळा भरली कशी, हे पाहणे आवश्यक आहे. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालविला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर स्वयंसेवकांनी ध्वनिक्षेपक लावून धडे ऐकविले. हे सर्व प्रयत्न मनःपूर्वक होते आणि त्यांची नोंद आदराने घेतली पाहिजे. पण बहुतांश शिक्षण आले ते भ्रमणध्वनीवर. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. म्हणजे उत्पन्न घटत असताना कोट्यवधी आईबापांनी, बहुधा हप्त्यांवर किंवा उसनवारीवर, फोन घेतले. आणि फोन घरात असणे म्हणजे तो मुलाच्या हातात असणे नव्हे. तो बापाच्या खिशात कामावर जाई, रात्री परत येई, तोवर वर्ग आटोपलेला असे. दोन मुले असली तर कोणाचा वर्ग बुडवायचा हे आईला ठरवावे लागे. ज्या मातेला स्वतःला अक्षरओळख नाही तिच्याकडे शिक्षिकेचे निम्मे काम एका रात्रीत सोपविले गेले, आणि ते तिला जमले नाही याची खंत तिच्याच मनात रुजली. देशपातळीवर तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये शंभरी २७.३ होती, ती २०२२ मध्ये २०.५ उरली. ही घसरण मुलांची म्हणून मोजली जाते. तिच्यामागे किती घरांतील किती संध्याकाळच्या असहायतेची भर आहे, ते मोजण्याचे कोष्टक नाही.

ज्यांना घरी बसण्याची मुभाच नव्हती त्यांचा विचार येथे सविस्तर करावयास हवा, कारण या सगळ्या प्रश्नाचे मर्म तेथे सर्वांत स्पष्ट दिसते. परिचारिका, सफाई कामगार, पोलीस शिपाई, बेस्टचे चालक-वाहक, वीज आणि पाणीपुरवठ्याचे कर्मचारी, अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका यांना शासनाने अत्यावश्यक ठरविले, त्यांच्यासाठी टाळ्या वाजविल्या गेल्या, आणि ते योग्यच होते. पण यांतील हजारो माणसे आईबाप होती. शाळा बंद, पाळणाघर बंद, शेजारणीच्या दारावर भीतीचे कुलूप, आणि आजीच्या जवळ मुलाला ठेवावे तर आपल्याच अंगावरून आजीला रोग जाईल ही धास्ती, अशा स्थितीत बारा तासांच्या पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेने आपले मूल कोठे ठेवावे, याचे उत्तर एकाही आदेशात नव्हते. कित्येकींनी मुलांना गावी धाडले आणि महिनोन्महिने केवळ पडद्यावर पाहिले. कित्येकींचे अंगावरचे दूध तुटले. कित्येक पोलीस शिपाई बंदोबस्तावरून परतल्यावर व्हरांड्यात निजत. इंग्लंडमध्ये २३ मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या तेव्हा अत्यावश्यक सेवकांच्या मुलांसाठी त्या उघड्या ठेवण्याची तजवीज त्याच आदेशात होती. आपल्याकडे काही ठिकाणी काही माणसांनी स्वतःच्या जबाबदारीवर व्यवस्था केली असेल, पण राज्यव्यापी अशी एकही योजना झाली नाही. आणि संपन्नतेचा अभाव हे त्याचे कारण मानता येत नाही, कारण शाळांच्या इमारती रिकाम्याच होत्या, आणि त्यांतील पुष्कळशा विलगीकरणासाठी ताब्यात घेताना शासनाला अडचण पडली नव्हती.

लोकलगाड्यांचा इतिहास याच दृष्टीने वाचण्यासारखा आहे. साथीपूर्वी रोज पंचाहत्तर लाखांहून अधिक प्रवासी वाहणारी ही सेवा मार्चच्या चौथ्या आठवड्यात थांबली, १५ जूनपासून केवळ अत्यावश्यक सेवकांसाठी सुरू झाली, आणि २१ ऑक्टोबर २०२० पासून सर्व स्त्रियांना सकाळी अकरा ते दुपारी तीन व सायंकाळी सातनंतर प्रवासाची परवानगी मिळाली. ज्या वेळा गर्दीच्या नव्हत्या त्या दिल्या गेल्या, म्हणजे नोकरीवर वेळेत पोचण्याच्या वेळा वगळल्या गेल्या. आणि नोव्हेंबरात, स्त्रियांसोबत लहान मुले फलाटावर दिसू लागताच, मुलांना प्रवासाची अनुमती नाही असे सांगून त्यांना प्रवेशद्वारावर अडविण्यात आले. मुलांच्या जिवाची काळजी हा त्यामागचा हेतू होता आणि त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जिचे मूल सांभाळायला कोणी नाही तीच बाई मुलाला घेऊन फलाटावर येणार, एवढी साधी गोष्ट तो नियम करताना कोणाच्या ध्यानात आली नाही. विरारहून किंवा बदलापूरहून निघणाऱ्या अशा बाईला मिळालेली सवलत त्याच दारात संपली.

आशा स्वयंसेविकांबद्दल वेगळे लिहिले पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम निघाली तेव्हा घरोघर जाऊन प्राणवायूची पातळी मोजण्याचे काम मुख्यतः त्यांच्याच खांद्यावर आले. त्यांना वेतन नसून मोबदला मिळतो, आणि जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे सत्तर हजार आशांनी संप केला तेव्हा त्यांच्या मागण्यांत मोबदल्याइतकाच संरक्षणाचाही प्रश्न होता. दुसऱ्याच्या कुटुंबाची जबाबदारी दारोदार वाहणाऱ्या या स्त्रियांच्या स्वतःच्या कुटुंबाची जबाबदारी त्या वेळेत कोण घेत होते, हा प्रश्न मोहिमेच्या कोणत्याही नमुन्यात विचारला गेला नाही. बहुतेक घरी ती थोरल्या मुलीने घेतली, आणि त्यातल्या कित्येक मुलींची शाळा तेथेच अडखळली.

बीड, जालना, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगारांचा संसार म्हणजे आईबाप आणि काम यांच्या संबंधाचे सर्वांत कठोर रूप होय, कारण तेथे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ गणला जातो आणि मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या मिळून अंगावर असते. बाई बाळंतीण असो की आजारी, जोडीतले एक माणूस गळले तर उचल फिटत नाही. म्हणून मूल फडावर येते, पाचटात निजते आणि कोपीत वाढते. या मुलांसाठी गेल्या काही वर्षांत गावोगाव हंगामी वसतिगृहे चालविली जात, ज्यांत आईबाप कारखान्यावर असताना मूल शाळेच्या जवळ राहू शके. मार्च २०२० मध्ये हंगामाच्या अखेरीस टाळेबंदी आली तेव्हा लाखाहून अधिक कामगार पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात अडकले. एप्रिलच्या मध्यानंतर शासनाने वैद्यकीय तपासणी करून त्यांना परतण्याची परवानगी दिली. अनेक कुटुंबांत मुले गावी आजीआजोबांकडे आणि आईबाप दोनशे मैलांवर कोपीत, अशी ती ताटातूट होती. आणि त्याच वर्षी दिवाळीपूर्वी नवा हंगाम उभा राहिला तेव्हा शाळाच बंद असल्याने वसतिगृहाचा आधारही उरला नाही. मुले पुन्हा आईबापांच्या मागे फडावर गेली, आणि त्यांतली जी बारा-तेरा वर्षांची होती ती मोळ्या बांधू लागली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्ने घाईने उरकली गेली. ज्यांनी ती लावली त्या आईबापांना दोष देण्यापूर्वी, मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवावे या त्यांच्या प्रश्नाला समाजाजवळ काय उत्तर होते, हे स्वतःला विचारावे.

या दोन वर्षांत काही चांगले घडलेच नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सकाळी मूल उठण्यापूर्वी बाहेर पडून रात्री ते झोपल्यावर परतणाऱ्या हजारो बापांनी आपल्या मुलांचा दिवस प्रथमच पाहिला. मुंबईतून कोकणात परतलेल्या कित्येक चाकरमान्यांनी पेरणीपासून कापणीपर्यंतचा एक पूर्ण हंगाम मुलांसह घालविला. पोळ्या लाटणारा बाप ही घराघरांतील नित्याची गोष्ट झाली नाही, तरी अशक्य कोटीतली उरली नाही. पण त्याच बंद दारांआड काही घरांत मारहाण वाढली, आणि जिला माहेरी जाण्याचीही वाट नव्हती अशा बाईची तक्रार शेजारच्या भिंतीपलीकडे गेली नाही. जवळीक वाढली की जाच वाढला, हे त्या घरात आधी काय होते आणि त्याच्या खोल्या किती होत्या यावर ठरले.

एप्रिल-मे २०२१ च्या दुसऱ्या लाटेने या प्रश्नाला निराळेच वळण दिले, कारण तीत चाळीस-पंचेचाळिशीतले मिळवते पुरुष मोठ्या संख्येने गेले. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावे राज्याने पाच लाख रुपयांची ठेव आणि केंद्राने अठराव्या वर्षी दहा लाखांचा निधी जाहीर केला. तरतूद स्तुत्यच होती. पण बहुतांश मुलांचा एकच पालक गेला होता आणि तो बहुधा बाप होता. तिशी-पस्तिशीतली विधवा, इस्पितळाच्या बिलाचे कर्ज, सासरच्या जमिनीवर नाव नाही, पदरी दोन मुले, अशा स्त्रीला मृत्यूचा दाखला, वारस दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे खाते यांसाठी तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत खेटे घालावे लागले, आणि त्या खेट्यांच्या दिवसांची रोजंदारी बुडाली ती निराळीच. कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीच्या कार्यकर्त्यांनी तालुक्या-तालुक्यांत या स्त्रियांच्या याद्या केल्या, आणि शासनाने ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले त्यामागे या चळवळीचा रेटा होता. बालसंगोपन योजनेखाली एका मुलामागे दरमहा ११०० रुपये मिळत. २०२३ मध्ये ते २२५० झाले. त्या योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. एवढ्या रकमेत मुलाचे संगोपन होत नाही हे सर्वांना ठाऊक आहे, आणि म्हणूनच अशा आईला कामावर जाणे भाग आहे. पण ती कामावर गेल्यावर मुलाजवळ कोण, या प्रश्नाला योजनेत जागा नाही.

साथ ओसरल्यानंतर काय उरले? नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१८-१९ मध्ये २४.५ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला, आणि या वाढीचे मोठे कौतुक झाले. ते करण्यापूर्वी हेही पाहावे की ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागातील आहे व तिच्यातील मोठा हिस्सा स्वतःच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात, पुष्कळदा विनावेतन, राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. म्हणजे ज्या ठिकाणी मूल कडेला ठेवून काम करता येते त्याच ठिकाणी स्त्री अधिक संख्येने वळली, असाच त्याचा अर्थ मला दिसतो. वेळेच्या वापराची दुसरी पाहणी २०२४ मध्ये झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला वेळ २९९ मिनिटांवरून २८९ वर आला. पुरुषांचा ९७ वरून ८८ वर. दोन्हींच्या मधले अंतर २०२ मिनिटांचे होते, ते २०१ झाले. सक्तीने घरात कोंडलेल्या पुरुषांना घरकामाची ओळख झाल्यावर ही वाटणी बदलेल असे त्या दिवसांत पुष्कळांनी आशेने लिहिले होते. ती बदलली नाही.

कायद्यात काहीच नव्हते असे नाही. तीसहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे ही तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्यातून आलेली होती. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याचा हक्क दिला. ज्या रोजगार हमीची मूळ कल्पना महाराष्ट्राची, तिच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात सहा वर्षांखालील पाच मुले कामावर असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका बाईची नेमणूक सांगितली होती. या तरतुदींचा अंमल सुखाच्या काळातही क्षीण होता, आणि असंघटित कामगार तर त्यांतल्या बहुतेक तरतुदींच्या बाहेरच राहिले. १८९७ चा साथरोग कायदा २०२० मध्येही आधाराला घेतला गेला, त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली, आणि आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना कठोर शिक्षा त्यात आली. ती आवश्यकच होती. परंतु त्या सेवकाच्या लेकराने पाळीच्या वेळी कोठे राहावे, याविषयी तो कायदा पहिल्या दिवसापासून आजवर मूक आहे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण तयारी कोठे व्हावयाची हे मात्र ठरलेले आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा एक आपत्ती व्यवस्थापन आराखडा असावा लागतो. त्यात खाटा किती, रुग्णवाहिका किती, प्राणवायूचा साठा किती याची मोजदाद असते. आपण जेथे राहता त्या जिल्ह्याचा आराखडा मागवून घ्या, आणि शाळा बंद झाल्यास अत्यावश्यक सेवकांची व रोजंदारीवरील आईबापांची मुले कोणत्या इमारतीत, कोणाच्या देखरेखीखाली ठेवली जातील याची नोंद त्यात आहे काय, ते पाहा. नसल्यास आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला किंवा जिल्हा परिषदेच्या सदस्याला ती करण्याविषयी लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा.